कोठार दुसऱ्याचे, शिक्का मूळ घरचा

(बी. कॉम., चौथे सत्र)

गेल्या वर्षी अभ्यासक्रमाच्या एका कामासाठी मला जमाखर्चाची काही कोष्टके तयार करायची होती. घरी एक जुना लॅपटॉप होता, मामांनी वापरून दिलेला. त्यातले विकतचे ऑफिस सॉफ्टवेअर मुदत संपल्यामुळे नुसते वाचण्यापुरते उरले होते. बी. सी. ए.ला असलेली माझी मैत्रीण म्हणाली, "लिब्रेऑफिस घे. फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि मराठी-कन्नड दोन्हीत आहे." मी मोबाइलचे नेट जोडून लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावर गेले, बटण दाबले आणि साडेतीनशे एम.बी.ची फाइल हळूहळू उतरू लागली. बसल्या बसल्या सहज पत्ता पाहिला, तर तो लिब्रेऑफिसचा नव्हताच. फाइल एका परदेशी विद्यापीठाच्या यंत्रावरून येत होती. त्या विद्यापीठाचे नाव मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते, आणि त्यांनी माझे ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता.

माझे वडील, आप्पा, रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानात पंचवीस वर्षे दिवाणजी आहेत. रात्री जेवताना मी त्यांना सांगितले की, एक परदेशी विद्यापीठ मला ओळखदेख नसताना, पैसा न घेता, एवढा माल देऊन गेले. आप्पांनी भाकरी मोडता मोडता निकाल दिला, "फुकट देतेत म्हणजे माल एक तर शिळा असणार, नाहीतर वजनात मार असणार. तपासून घेतलीस काय?"

मी तपासून घेतले नव्हते. तपासायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पुढे या प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकले, आणि शिकताना एक मोठी चूक केली, ते या लेखात सांगणार आहे. वाचकांपैकी बरेच जण माझ्यासारखे वाणिज्य शाखेचे असतील. त्यांनी संगणकाचे नाव काढताच पान उलटू नये. हा विषय मुळात कोठाराचा, सूचीचा आणि शिक्क्याचा आहे.

ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो, त्याला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. माल फुकट वाटायचा म्हटले तरी वाटण्याचा खर्च काही सुटत नाही. समजा, माझी ती साडेतीनशे एम.बी.ची फाइल एक लाख लोकांनी घेतली. साडेतीनशे गुणिले एक लाख म्हणजे साडेतीन कोटी एम.बी., अर्थात पस्तीस टेराबाइट. सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेणारी वाहिनी काठोकाठ भरून चालली तरी तिच्यातून सेकंदाला सव्वाशे एम.बी. जातात. भागाकार केला तर २,८०,००० सेकंद येतात, म्हणजे सव्वातीन दिवस. तेवढा वेळ ती वाहिनी दुसरे काहीही करणार नाही. आणि एक लाख हा आकडा मी भीत भीतच घेतला आहे.

म्हणून जगभरची विद्यापीठे, संशोधन संस्था, इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या आणि कितीतरी हौशी माणसे या मालाची तंतोतंत नक्कल आपापल्या यंत्रांवर ठेवतात. अशा नकलेला मिरर, म्हणजे आरसा, म्हणतात. आयर्लंडमध्ये हिअनेट या शैक्षणिक जाळ्याने, ब्रिटनमध्ये केंट विद्यापीठाने, आपल्याकडे आय. आय. टी. कानपूरने वर्षानुवर्षे हे काम केले आहे. यात निव्वळ परोपकार असतो असेही नाही. विद्यापीठाच्या आवारातच कोठार असले की त्यांच्या स्वतःच्या हजारो विद्यार्थ्यांना बाहेरची वाहिनी न खर्चता माल मिळतो. घरच्यासाठी विहीर खणली, आता वाटसरूलाही दोन घागरी, असा तो हिशेब आहे. आणि मला तो नुसत्या दानापेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

ही गरज जुनीच. १९९१ च्या सप्टेंबरात हेलसिंकीचा लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी आपल्या नव्या संगणकप्रणालीचा गाभा लोकांना द्यायला निघाला, तेव्हा त्याच्याजवळ स्वतःचे कोठार नव्हते. आरी लेम्के याने फिनलंडमधील एका सामाईक सर्व्हरवर त्याला एक कप्पा काढून दिला. टोरवाल्ड्सच्या मनात नाव होते 'फ्रीक्स'. लेम्केने कप्प्यावर 'लिनक्स' असे लिहून टाकले, आणि तेच टिकले. कोठारवाल्याने मालाचे बारसे केल्याचे असे उदाहरण व्यापारात विरळाच! पुढे अमेरिकेत एम. आय. टी.मधील टेड त्सो याने त्याची प्रत आपल्या यंत्रावर ठेवली, कारण अटलांटिक ओलांडून येणारी वाहिनी त्या काळी फार मंद होती.

आता प्रश्न असा की, नक्कल मूळ मालाशी रोज जुळवायची कशी? उदाहरणासाठी डेबियन घेऊ. ही १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स प्रणाली. (तिची मांडणी करताना पहिल्याच पडद्यावर भाषांची यादी येते. तीत कन्नडही आहे, मराठीही आहे, आणि दोघी एका यादीत काही भांडण न करता बसल्या आहेत. असो.) डेबियनचे भांडार कित्येक टेराबाइटचे आहे आणि दिवसातून चार वेळा बदलते. दर वेळी सगळे नव्याने उतरवून घेणे कोणालाच परवडणार नाही.

१९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी 'आरसिंक' नावाचे साधन तयार केले. त्याची रीत आपल्या ओळखीची आहे. शाखेतल्या मुनीमाने मुख्य पेढीला नुसत्या पानापानांच्या बेरजा कळवायच्या, आणि पेढीने जे पान जुळत नाही तेवढेच पाठवायचे. पण यात एक अडचण आहे. पेढीच्या वहीत वरच्या बाजूला एकच ओळ नवी घुसली, तर खालचे सगळे पान एकेक ओळ सरकते, आणि मग एकही बेरीज जुळत नाही. ट्रिजेल यांची खुबी अशी की, त्यांची बेरीज सरकवत नेता येते. वरची ओळ वजा केली, खालची ओळ मिळवली, की पुढची बेरीज तयार. पान पुन्हा पहिल्यापासून मोजायला नको. त्यामुळे शाखेजवळचे पान पेढीच्या वहीत मध्येच कोठून सुरू होत असले तरी सापडते. ही युक्ती मला समजली त्या संध्याकाळी मी ती आप्पांना कागदावर करून दाखवली. ते बराच वेळ कागद न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "मार्चअखेरला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं की."

खरे सांगायचे तर डेबियनच्या भांडारात या खुबीचा उपयोग कमीच पडतो. तिथे प्रत्येक गठ्ठ्याच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक असतो. गठ्ठा बदलत नाही. नवा येतो आणि जुना जातो. तिथे महत्त्व आहे ते क्रमाला. भांडारात एकीकडे गठ्ठे असतात आणि दुसरीकडे त्यांची सूची. ग्राहकाचा संगणक आधी सूची वाचतो आणि मग गठ्ठा मागतो. सूची आधी बदलली आणि गठ्ठे मागून आले, तर मधल्या तासा-दोन तासांत आलेल्या प्रत्येक ग्राहकाला यादीत दिसणारा माल फळीवर मिळत नाही. म्हणून डेबियनने मिररवाल्यांसाठी केलेले साधन दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत नुसते नवे गठ्ठे आत येतात. दुसऱ्या फेरीत सूची बदलते, आणि जुने गठ्ठे सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडतात. आपल्या पेठेत कोणता शहाणा दुकानदार माल गोदामात यायच्या आधी फळ्यावर भाव लिहितो?

आता आप्पांच्या शंकांकडे वळू. त्यांतली दुसरी, म्हणजे वजनाची, आधी घेते, कारण ती सुटलेली आहे.

कोणत्याही फाइलवर एक ठरलेली गणिती क्रिया केली की चौसष्ट अंक-अक्षरांची एक ओळ मिळते. फाइल साडेतीनशे एम.बी.ची असो की साडेतीन ओळींची, उत्तर चौसष्ट अक्षरांचेच. फाइलमध्ये एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ही ओळ ओळखू येऊ नये इतकी बदलते. ठरावीक ओळ देईल अशी दुसरी फाइल मुद्दाम घडवणे आजवर कोणाला साधलेले नाही. डेबियनमध्ये प्रत्येक गठ्ठ्याची अशी ओळ सूचीत लिहिलेली असते. त्या सूचीची ओळ 'रिलीज' नावाच्या एका छोट्या पत्रकावर असते, आणि त्या पत्रकाखाली डेबियनची डिजिटल सही. ग्राहकाचा संगणक सही तपासतो, मग सूची, मग गठ्ठा. २००७ साली आलेल्या ४.० या आवृत्तीपासून ही तपासणी आपोआप होते.

यातले मर्म असे की, सहीची किल्ली कोठारवाल्याजवळ नसतेच. माल साठवणे हे एकाचे काम आणि त्याला शिक्का देणे हे दुसऱ्याचे. लेखापरीक्षण शिकताना आपण वाचतो की रोकड सांभाळणारा आणि रोजकीर्द लिहिणारा हे एकच नसावेत. तोच हा नियम. म्हणूनच पृथ्वीच्या पाठीवरचा कोणताही अनोळखी माणूस कोठार उघडू शकतो. त्याच्या प्रामाणिकपणाची चौकशी करत बसावे लागत नाही.

ही तपासणी नसेल तर काय होते ते मे २०१७ मध्ये दिसले. चित्रफिती एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारे हँडब्रेक हे सॉफ्टवेअर. त्याच्या डाउनलोड सर्व्हरांपैकी एकात कोणीतरी शिरले आणि मॅक संगणकासाठीची फाइल काढून तिथे संकेतशब्द चोरणारी फाइल ठेवली. २ ते ६ मे या चार दिवसांत ज्यांनी ते उतरवून घेतले, त्यांना बाधा होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे, असे प्रकल्पानेच जाहीर केले. ग्राहक कोणत्या कोठारात पाठवला गेला, एवढ्यावर सगळे अवलंबून होते. चौसष्ट अक्षरांची ओळ संकेतस्थळावर ताडून पाहणाऱ्याला फरक दिसला असता. पण फाइल उतरवल्यावर ओळ ताडून पाहतो कोण? मी पाहिली नव्हती.

शिक्क्यालाही मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली आवळणाऱ्या छोट्या साधनात एक चोरदरवाजा सापडला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकले, आणि त्या खटकण्यातून ते उघडकीला आले. तो चोरदरवाजा प्रकल्पात सहकारी म्हणून विश्वास मिळवलेल्या व्यक्तीनेच मूळ मालात घातला होता. जगभरच्या मिररांनी तो इमानेइतबारे जसाच्या तसा पोचवला. आरसा स्वच्छ होता. समोर उभा राहिलेलाच सोंगाडा होता. त्यावर उपाय कोठारात नाही.

वजनाचा प्रश्न असा बराचसा सुटतो. शिळेपणाचा मात्र सुटत नाही. २००८ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील जस्टिन कॅपोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्यांनी खोट्या कंपनीच्या नावाने भाड्याचा सर्व्हर घेतला आणि उबुंटू, फेडोरा, ओपनसूसे, सेंटओएस, डेबियन या पाच प्रणालींचा मिरर म्हणून नाव नोंदवले. पाचही याद्यांत तो लागला. थोड्याच दिवसांत हजारो संगणक त्यांच्या दारात माल मागायला आले, आणि त्यांत सरकारी व लष्करी संगणकही होते. या मंडळींनी कोणाला वाईट काही दिले नाही. पण लबाड माणूस असता तर त्याला बनावट माल करण्याची गरजच नव्हती. जुना माल, जुनी सूची आणि जुनी सही जपून ठेवायची आणि आल्यागेल्याला तेच देत राहायचे. वजन बरोबर, शिक्का खरा. फक्त मधल्या काळात त्या सॉफ्टवेअरमध्ये जी भोके सापडली आणि बुजवली गेली, ती या ग्राहकांच्या संगणकावर उघडीच राहणार. आणि ग्राहकाचा संगणक त्याला समाधानाने सांगणार की, तुमच्याकडे सर्व काही अद्ययावत आहे.

यावर औषधांच्या बाटलीवर असते तशी मुदत हा एक उपाय. डेबियनच्या सुरक्षाविषयक पत्रकावर 'अमुक तारखेपर्यंत ग्राह्य' असे लिहिलेले असते. तारीख उलटली की ग्राहकाचा संगणक ते पत्रक नाकारतो. दुसरा उपाय म्हणजे नजर, आणि मिररांचे व्यवस्थापन म्हणतात ते बव्हंशी हेच आहे. मूळ भांडार प्रत्येक बदलाच्या वेळी एका लहान फाइलमध्ये वेळ टिपते. मिररही आपली जुळवणी संपल्याची वेळ तशीच टिपतो. व्यवस्थापक या दोन वेळा ताडून पाहतो आणि मागे पडलेल्या कोठाराला यादीतून तात्पुरता वगळतो. व्हीएलसी या आपल्या सर्वांच्या ओळखीच्या चित्रपट-वादकाची मंडळी 'मिररबिट्स' नावाचे साधन वापरतात. ते सगळ्या मिररांवर फिरून कोणती फाइल कोठे आहे, तिचा आकार मुळाशी जुळतो का, हे नोंदवून ठेवते. मग आलेल्या ग्राहकाला त्याच्या देशाजवळच्या, जिवंत आणि पूर्ण माल असलेल्या कोठाराकडे धाडते. बटण लिब्रेऑफिसचे दाबूनही फाइल विद्यापीठातून कशी आली, याचा उलगडा अशाच एका वाटाड्यात आहे.

व्यवस्थापकाचे सगळ्यात कंटाळवाणे काम मात्र यंत्राचे नसून माणसांचे असते. कोठार अचानक गप्प होते. पत्र पाठवावे, तर ज्याने ते उभारले तो विद्यार्थी पदवी घेऊन कधीच निघून गेलेला. यंत्र कोपऱ्यात चालू, कोणाचे ते तिथल्या कोणालाच माहीत नाही. हे वाचून मी हसले होते. पुढे तीच पाळी आमच्यावर आली.

आमच्या संगणक प्रयोगशाळेत वीस जुने संगणक आहेत आणि त्यांवर डेबियन आहे. वीसही संगणक तेच गठ्ठे एकाच बारीक वाहिनीतून वेगवेगळे ओढत, आणि तासाच्या वेळी नेट रडत असे. मी बोलता बोलता मैत्रिणीला म्हटले, "गावात एकच घाऊक दुकान काढलं आणि वीस किरकोळवाल्यांनी तिथून उचललं तर?" तिने ते मनावर घेतले. (तिचा लेख याच अंकाच्या कन्नड विभागात आहे.) प्रयोगशाळेच्या सरांनी एक काढून ठेवलेला संगणक आणि पाचशे जी.बी.ची डिस्क दिली. सगळे भांडार त्यावर मावणे शक्यच नव्हते. म्हणून एकाच आवृत्तीचा, आमच्या जातीच्या संगणकांना लागणारा तेवढाच माल आम्ही आणायचे ठरवले. कोठार फक्त प्रयोगशाळेपुरते. रात्री एक वाजता आज्ञावली आपोआप चालेल, माल जुळवेल आणि झोपेल. पहिले दोन महिने सगळे सुरेख चालले. तासाला नेट पळू लागले, सर खूश झाले, आणि आम्ही जरा फुशारलो.

आज्ञावलीत मैत्रिणीने एक खबरदारी घेतली होती. काम सुरू झाले की 'काम चालू आहे' अशी एक चिठ्ठी, म्हणजे रिकामी फाइल, ठेवायची आणि संपले की काढायची. म्हणजे एकाच वेळी दोन जुळवण्या एकमेकींच्या पायात येणार नाहीत. खबरदारी योग्यच. ऑक्टोबरात परतीच्या पावसाच्या एका रात्री, नेमकी जुळवणी चालू असताना, वीज गेली. वीज आल्यावर संगणक आपोआप उठला, पण चिठ्ठी तशीच राहिली. त्या दिवसापासून रोज रात्री एक वाजता आज्ञावली उठे, चिठ्ठी पाही, कोणीतरी काम करत आहे असे समजे आणि गुपचूप परत जाई. आमच्या परीक्षा आल्या, मग दिवाळी आली. आम्ही दोघीही प्रयोगशाळेकडे फिरकलो नाही.

नोव्हेंबरात मैत्रिणीने काही कारणाने एका संगणकावर हाताने आज्ञा दिली तेव्हा पडद्यावर ओळ आली की, सुरक्षेच्या पत्रकाची मुदत कधीच उलटली आहे. वीसही संगणक हीच तक्रार रोज नोंदवून ठेवत होते, पण ज्या फाइलमध्ये ते नोंदवत ती फाइल उघडून पाहणारे कोणी नव्हते. मुख्य भांडाराच्या पत्रकावर मुदत नसल्यामुळे ते तर तक्रारही करत नव्हते. आम्ही तारखा मोजल्या. चौतीस दिवस.

चौतीस दिवसांत फायरफॉक्स ब्राउझरची निदान एक सुरक्षा-आवृत्ती येऊन गेली होती. आणि त्याच दिवसांत पहिल्या वर्षाची मुले त्या संगणकांवर बसून शिष्यवृत्तीचे अर्ज भरत होती. कोणाच्या तरी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, बँकेचे खाते, सगळे त्या भोके उघड्या असलेल्या ब्राउझरमधून. काही वाईट घडले नाही. निदान घडल्याचे कोणाला दिसले नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. अ‍ॅरिझोनाच्या लोकांनी जो लबाड कोठारवाला कल्पिला होता, तो आम्हीच झालो होतो. लबाडी नसताना, नुसत्या गैरहजेरीने. त्या मुलांना आमच्या कोठाराचे नावही माहीत नव्हते.

मागाहून डेबियनच्या सूचना नीट वाचल्या, तेव्हा कळले की सुरक्षेच्या भांडाराची नक्कल करू नका, ते सरळ आमच्याकडूनच घ्या, असे ते लोक मिररवाल्यांना सांगतच असतात. उशीर चालेल तो माल वाटून द्यावा. उशीर चालणार नाही तो मध्यस्थाच्या हाती देऊ नये. आम्ही वाहिनी वाचवण्याच्या मोहात तोही कोठारात ओढला होता. आता तो भाग काढून टाकला आहे. चिठ्ठी सहा तासांहून जुनी असेल तर आज्ञावली ती फाडून टाकते. आणि सरांना आम्ही दोघींनी जाऊन झाले ते सांगितले. ते रागावले नाहीत. "लिहून ठेवा," एवढेच म्हणाले.

आता मोठ्या जगात हे स्वयंसेवी आरसे मागे पडत चालले आहेत का, असा प्रश्न साहजिक आहे. काही कंपन्या जगभर पसरलेली आपली वितरण-यंत्रणा, जिला सीडीएन म्हणतात, मुक्त प्रकल्पांना देणगीदाखल वापरू देतात. अपाचे संस्थेने २०२१ मध्ये आपली जुनी मिरर-यादी गुंडाळून हा मार्ग धरला. डेबियनच्या सामाईक पत्त्यामागेही अशी यंत्रणा आहे. सोय मोठी आहे यात शंका नाही: शिळेपणा जवळजवळ नाही, पदवी घेऊन निघून गेलेला विद्यार्थी शोधायला नको. आप्पांना हे सांगितले तर ते म्हणाले, "पेठेत एकच अडत्या उरला की भाव तोच ठरवतो." आज तो फुकट देतो, उद्या त्याच्या संचालक मंडळाचे मन बदलले तर? याच्या उलट कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट इथल्या एका इंटरनेट विनिमय केंद्राची मंडळी लहान, स्वस्त संगणक दोन टेराबाइटच्या डिस्कसह ठिकठिकाणच्या इंटरनेट पुरवठादारांकडे ठेवत आहेत. त्यांचे निरीक्षण असे की, सगळे भांडार साठवण्याची गरज नाही; सर्वाधिक मागणीचे थोडे प्रकल्प ठेवले तरी वाहतुकीचा मोठा भार हलका होतो. किराणा दुकानात गूळ, साखर, चहा दारापाशी असतात, त्यातलेच हे.

एकाच दारावर विसंबण्याचा धोका आपल्याच देशात दिसून गेला आहे. २०२२ मध्ये व्हीएलसीचे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने उघडत नव्हते. त्या संस्थेने कायदेशीर नोटीस पाठवल्यावर नोव्हेंबरात बंदी उठली. जगभरची कोठारे भरलेली होती. दुकानाची पाटी मात्र दिसेनाशी झाली. असे झाले की लोक मिळेल त्या भलत्या ठिकाणाहून फाइल उचलतात. अशा वेळी ती चौसष्ट अक्षरांची ओळ आणि ती सही तेवढी हाताशी उरते. आता मी लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती उतरवली की ओळ ताडून पाहते. दोन मिनिटे लागतात.

आमचे छोटे कोठार चालू आहे. खिडकीजवळच्या टेबलावर त्याच्याशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे. रोज सकाळी पहिल्या तासाआधी दोघींपैकी एकीने पडद्यावरची जुळवणीची तारीख पाहायची, वहीत लिहायची आणि सही करायची. यंत्राला तारीख आपोआप तपासता येते आणि तीही सोय आम्ही केली आहे. पण यंत्राची तक्रार वाचायलाच कोणी नव्हते हे आम्ही एकदा पाहिले आहे, म्हणून वही. आजपर्यंत एकशे अकरा ओळी झाल्या आहेत. मध्ये तीन दिवस गाळलेले दिसतात, ते बसच्या संपाचे.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी इथून बाहेर पडू. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या, कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला हे काम घ्यायचे असेल तर त्याने प्रयोगशाळेत सकाळी साडेआठच्या आधी यावे. संगणकाचे ज्ञान आम्ही शिकवू. रोज यायचे मात्र त्याचे त्याने पाहायचे.